हाऊ बांध कोना शे? शेजारी देश रेषेवरून का भांडतात

आमच्या वावराच्या पूर्वेला बांधावर एक जुनं निंबाचं झाड आहे. पांझरेच्या काठच्या त्या काळ्या जमिनीत दरवर्षी नांगरटीला बांध वीतभर सरकायचा, कधी इकडे, कधी तिकडे. शेवटी माझे वडील, ज्यांना गाव नाना म्हणतं, आणि शेजारचे जिभाऊ यांच्यात बोलणं बंद झालं. दोघं चुलत भाऊ. मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी गटनकाशा उलगडला, यंत्र लावलं आणि म्हणाले, खुणेचा दगड इथेच कुठेतरी हवा. दगड दिसेना. नानांनी विचारलं, "जिभाऊ, हाऊ बांध कोना शे?" जिभाऊंनी झाडाकडे बोट केलं, "हाऊ निंब मन्हा बापनी लायेल शे." नाना नकाशाकडे बोट दाखवत होते, जिभाऊ झाडाकडे. दोघांच्याही म्हणण्यात खोटं काही नव्हतं.

२०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया यांच्यात तोफा सुरू झाल्या तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: दोन्ही देश बुद्धाला मानणारे, दोघांचं खाणं भात-मासळीचं, मग जंगलातल्या जुन्या देवळांवरून एकमेकांची माणसं का मारायची? ऑक्टोबरात पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात गोळीबार झाला तेव्हाही तोच प्रश्न आला. दोन्ही मुसलमान देश, मग वैर कशाचं? मला वाटतं, या प्रश्नांचं निम्मं उत्तर खान्देशातल्या प्रत्येक शेतकऱ्याला आधीच माहीत आहे. उरलेलं निम्मं समजावून सांगायचा हा प्रयत्न आहे.

रेषा आखणं वेगळं, दगड रोवणं वेगळं

सरहद्द दोन टप्प्यांत तयार होते. आधी करार होतो आणि कागदावर ठरतं की हद्द अमुक नदीने, अमुक डोंगराच्या धारेने जाईल. मग माणसं प्रत्यक्ष तिथे जातात, मोजतात आणि खांब रोवतात. या दुसऱ्या कामाला सीमांकन म्हणतात. जगातल्या बऱ्याच भांडणांत पहिला टप्पा घाईने उरकला गेला आहे आणि दुसरा अर्धवट राहिला आहे.

आणखी एक शब्द लागेल, जलविभाजक. सातपुड्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसातलं काही पाणी उत्तरेला उतरून नर्मदेला मिळतं, काही दक्षिणेला येऊन तापीला. ज्या धारेवर पाण्याची अशी वाटणी होते तो जलविभाजक. इंग्रज आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना ही खूण फार आवडायची, कारण ती निसर्गाने दिलेली आणि कुणाला हलवता न येणारी. पण सातपुड्यात फिरलेल्या माणसाला ठाऊक आहे की डोंगराची धार म्हणजे आखणीपट्टीने ओढलेली रेघ नव्हे. ती वळते, फुटते, सपाट पठारात हरवते. अशा ठिकाणी नकाशा काढणाऱ्याच्या हाताने जे होईल ते होतं.

एक शिवमंदिर आणि पंधरा जादा प्रती

थायलंड आणि कंबोडियाच्या मध्ये डांगरेक नावाची डोंगररांग आहे. तिच्या एका कड्यावर प्रेआ विहेअर हे सुमारे हजार वर्षांपूर्वी ख्मेर राजांनी बांधलेलं शिवमंदिर आहे. तिथल्या देवाला ते शिखरेश्वर म्हणत. कंबोडियाच्या बाजूने उभा कडा, थायलंडच्या बाजूने चढत जाणारी सोपी वाट. देऊळ कुणाचं, या प्रश्नाचं बीज जमिनीच्या या ठेवणीतच आहे.

१९०४ मध्ये कंबोडिया फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि थायलंडला सियाम म्हणत. दोघांनी करार केला की या भागात हद्द जलविभाजकाने जाईल. मोजणीसाठी दोघांचा संयुक्त आयोग नेमला गेला. सियामकडे नकाशे काढण्याची तांत्रिक सोय नव्हती, म्हणून त्यांनी फ्रेंचांनाच सांगितलं, तुम्ही काढून द्या. १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशे तयार केले. डांगरेकच्या नकाशात रेषा अशी आली की देऊळ कंबोडियात गेलं. संयुक्त आयोगाचं काम तोवर थांबलेलं असल्यामुळे त्याने या नकाशाला मंजुरी दिलीच नाही.

भाऊबंदकीत समोरच्याच्या मुलाकडून फाळणीचा नकाशा काढून घ्यावा आणि न बघता ठेवून द्यावा, तसं हे झालं. सियामने खरंच बघितलं नाही. उलट १९०८ मध्ये नकाशे हाती आल्यावर तिथले गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी फ्रेंचांचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला प्रत्येकाच्या पंधरा जादा प्रती मागितल्या. १९३० मध्ये हेच दामरोंग देवळाला भेट द्यायला गेले, तर तिथे फ्रेंच अधिकारी स्वागताला उभा आणि वर फ्रेंचांचा झेंडा. त्यांनी हरकत घेतली नाही. १९३४-३५ मध्ये सियामने स्वतः मोजणी केली आणि नकाशातली रेषा व खरा जलविभाजक यांत फरक आहे हे त्यांच्या लक्षात आलं. तरीही देऊळ कंबोडियात दाखवणारे नकाशे ते वापरत राहिले.

१९५३ मध्ये कंबोडिया स्वतंत्र झाला, फ्रेंच गेले आणि थायलंडने देवळावर पहारेकरी बसवले. कंबोडिया हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १५ जून १९६२ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: देऊळ कंबोडियाचं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. जलविभाजक खरा कुठे आहे हे आता शोधत बसायचं कारण नाही. नकाशा तुमच्या हाती होता, तुम्ही पन्नास वर्षं मूग गिळून बसलात, म्हणजे तो तुम्हाला मान्य होता. आपल्याकडे वहिवाट म्हणतात, जवळपास तेच तत्त्व. थायी सैनिकांनी देवळावरचा झेंडा खाली उतरवला नाही. फडकता झेंडा खांबासकट उचलला आणि आपल्या बाजूच्या कड्यावर नेऊन रोवला. निकाल पाळला, पण मनातून हरले नाहीत.

न्यायालयाने देवळाचा निकाल दिला, आजूबाजूच्या साडेचार चौरस किलोमीटरांचा वाद तसाच राहिला. सुमारे आठशे किलोमीटरच्या बाकीच्या सरहद्दीवर अशी आणखी देवळं आहेत. कंबोडिया फ्रेंचांचा नकाशा पुढे करतो. त्याचं प्रमाण एकास दोन लाख, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दोनशे मीटर होतो. थायलंड स्वतःचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा पुढे करतो. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की मधे जी पट्टी उरते, त्या पट्टीत २०२५ मध्ये माणसं मेली. जुलैत पाच दिवस लढाई झाली, लाखाच्या वर लोकांना घरदार सोडावं लागलं, मलेशियात शस्त्रसंधी झाली आणि डिसेंबरात पुन्हा तोफा सुरू झाल्या.

जाड पेन्सिल

आपल्या ईशान्येला चीनबरोबर जो वाद आहे त्याचं एक मूळ असंच कागदावर आहे. १९१४ मध्ये सिमला परिषदेच्या काळात इंग्रज सरकारचे हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी यांनी भारत-तिबेट हद्द नकाशावर ठरवली. चीनने ती कधीच मान्य केली नाही; तिबेटला असा करार करायचा अधिकारच नव्हता असं त्याचं म्हणणं. नकाशाचं प्रमाण होतं एका इंचाला आठ मैल. हिशोब करून बघा, नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा किलोमीटर रुंद होते. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये हिमालयाची अख्खी एक धार मावते. भूतानजवळच्या थागला धारेवरून १९६२ मध्ये नकाशा आणि डोंगर यांचंच भांडण झालं. भारत म्हणत होता, तत्त्व जलविभाजकाचं आहे, म्हणून हद्द थागलावर. चीन म्हणत होता, तुमच्याच नकाशातली रेघ त्याच्या दक्षिणेला आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला त्या धारेखालच्या नामका चू ओढ्यावर आपल्या जवानांवर हल्ला झाला आणि युद्ध पेटलं. पश्चिमेला अक्साई चीनमध्ये तर दोन्ही बाजूंनी मान्य केलेली रेघ कधी नव्हतीच. १९५७ मध्ये चीनने तिथून रस्ता पुरा केला तेव्हा दिल्लीला धक्का बसला.

रेषेच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं

१२ नोव्हेंबर १८९३ रोजी इंग्रज अधिकारी मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान यांच्यात एक छोटा करार झाला. इंग्रजांना रशियाची भीती होती, त्यांना मधे एक जाड भिंत हवी होती. सुमारे २,६०० किलोमीटर लांबीची ती रेषा पठाणांच्या वस्तीतून गेली. एका टोळीची घरं अलीकडे, चराऊ कुरणं आणि सोयरे पलीकडे. १९४७ मध्ये पाकिस्तान झाला तेव्हा अफगाणिस्तानने त्याच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशाविरुद्ध मत दिलं. तसं करणारा तो एकटाच देश. तेव्हा काबूलमध्ये राजा होता, नंतर कम्युनिस्ट आले, तालिबान आले. ड्युरँड रेषेला सरहद्द म्हणून मान्यता यांपैकी कुणीच दिली नाही. २०१७ पासून पाकिस्तानने तिथे कुंपण घातलं. ज्याला तुम्ही बांधच मानत नाही त्यावर शेजाऱ्याने तार ओढली तर काय होईल? २०२५ च्या ऑक्टोबरात तोरखम आणि चमनची फाटकं बंद झाली आणि फळांनी भरलेले ट्रक जागेवर उभे राहिले. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको. मालाची गाडी दोन दिवस अडली की काय होतं ते तो जाणतो.

आता आपल्या नवापूरला या. नवापूरचं रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरातच्या हद्दीवर आहे. फलाटाचा काही भाग या राज्यात, काही त्या राज्यात. तिथल्या एका बाकड्यावर मधोमध रेघ आहे, अर्ध्यावर महाराष्ट्र आणि अर्ध्यावर गुजरात. रेल्वे आली तेव्हा ही हद्द नव्हती. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा ती आली. त्या वेळी पश्चिम खान्देशातली नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली दीडशेच्या वर गावं गुजरातला गेली. सोयरिकी तुटल्या नाहीत. भिल्ल, मावची, पावरा माणसं अजूनही दोन्हीकडे येतात-जातात, लग्नं लावतात, बाजार करतात.

म्हणजे आपणही एका रेषेने कापले गेलो. लोकांना दुःख झालं, डांग भागासाठी तर मोठी मागणी झाली. पण बंदूक कुणी उचलली नाही. का?

वर तहसीलदार नाही

कारण महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या डोक्यावर एक संसद आहे, एक सर्वोच्च न्यायालय आहे. नाना आणि जिभाऊंच्या डोक्यावर तहसीलदार आहे, पोलिस आहे, पंच आहेत. कोर्टाचा निकाल जिभाऊंना पटला नाही तरी पाळावा लागतो. देशांच्या डोक्यावर असं कुणी नाही. हेगचं न्यायालय आहे, पण दोन्ही पक्षांनी मान्यता दिली तरच ते खटला चालवू शकतं. थायलंडने पूर्वी दिलेली मान्यता १९६० मध्ये संपली, पुन्हा दिली नाही. त्यामुळे आज कंबोडिया कितीही म्हणाला की चला हेगला, तरी थायलंडला ओढून नेता येत नाही.

वर कुणी नसलं की प्रत्येकजण स्वतःच्या रक्षणासाठी लाठी ठेवतो. शेजाऱ्याची लाठी बघून आपण मोठी घेतो, आपली बघून तो आणखी मोठी. यात कुणाच्या मनात खोट असायलाच हवी असं नाही, भीती पुरते. भूराजकारण हा मोठा शब्द याच गोष्टीसाठी आहे: देश कुठे वसला आहे, त्याच्या वर-खाली कोण आहे, डोंगर, नदी, वाट कुणाच्या हातात आहे, आणि त्यातून त्याला कशाची भीती वाटते.

पाणी वरून येतं

भीतीचं सगळ्यात खरं रूप पाण्यात दिसतं. गिरणा धरणातून आवर्तन कधी सुटणार, याची चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची माणसं जशी वाट बघतात, ते बघितलं की सिंधूचा प्रश्न कळतो. वरचा माणूस चांगला असला तरी खालच्याला झोप लागत नाही.

१९४७ मध्ये सिरिल रॅडक्लिफ हा इंग्रज वकील ८ जुलैला भारतात आला. त्याआधी त्याने हा देश पाहिलाही नव्हता. पाच आठवड्यांत त्याला पंजाब आणि बंगाल कापायचे होते. रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. तोवर लाखो लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं. पंजाबात इंग्रजांनी कालव्यांचं मोठं जाळं विणलं होतं. रेषा त्यातून गेली. रावीवरचं माधोपूर आणि सतलजवरचं फिरोजपूर इथली हेडवर्क्स, म्हणजे कालव्यांची मुख्य दारं, भारतात आली आणि कालव्यांखालची कितीतरी जमीन पाकिस्तानात गेली. पाटाची दारं एका भावाकडे आणि भिजणारं वावर दुसऱ्याकडे.

१ एप्रिल १९४८ ला तात्पुरत्या कराराची मुदत संपताच पूर्व पंजाबने काही कालव्यांचं पाणी बंद केलं. मे महिन्यात समझोता होऊन ते सुटलं. पण लाहोरच्या शेतकऱ्याने कोरडा पाट पाहिला होता. ती आठवण आजही पाकिस्तानच्या धोरणात आहे. १९ सप्टेंबर १९६० ला जागतिक बँकेच्या मध्यस्थीने सिंधू करार झाला. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. तीन युद्धांत हा करार टिकला. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी भारताने तो स्थगित केला.

मला विचारतात, मग पाणी तोडलं का? चावी आपल्याकडे आहे, टाकी नाही. पश्चिमेच्या नद्यांवर मोठा साठा करू शकतील अशी धरणं आपण बांधलेली नाहीत, पावसाळ्यातला लोंढा अडवायला जागाच नाही. पाणी केव्हा सोडायचं, पुराची माहिती द्यायची की नाही, एवढं हातात आहे. पेरणीच्या तोंडावर तेवढंही पुष्कळ असतं, हे गिरणाकाठच्या माणसाला सांगायला नको. ब्रह्मपुत्रेवर मात्र आपण खालच्या वावरात आहोत. तिबेटमध्ये मेदोग भागात चीनने २०२५ च्या जुलैत प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं, तेव्हा आसाम आणि अरुणाचलच्या पोटात जो गोळा आला तो लाहोरवाल्याच्या गोळ्याहून वेगळा नाही.

मग सगळा दोष गोऱ्या साहेबाचा?

नाही. साहेबाने वाकडी रेषा ओढली हे खरं, पण ती सरळ करायला आपल्या हातात पाऊणशे वर्षं होती. भारत आणि बांगलादेश यांनी करून दाखवलं. तिथे एकमेकांच्या देशात एकमेकांची गावं अडकली होती, जशी दुसऱ्याच्या वावरात मधेच आपली दोन गुंठे असावी. दहाला खग्राबारी नावाचा भारताचा तुकडा बांगलादेशच्या तुकड्यात होता, तो तुकडा भारताच्या तुकड्यात आणि तो बांगलादेशात. तिथल्या माणसाला शाळा, दवाखाना, वीज, ओळखपत्र काही नाही. १९७४ ला करार झाला, ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री तो अमलात आला. भारताने १११ वस्त्या दिल्या, ५१ घेतल्या. जमीन आपल्याकडून जास्त गेली. संसदेने त्यासाठी घटनादुरुस्ती केली आणि सगळ्या पक्षांनी मत दिलं. मला त्या मतदानाचा अभिमान वाटतो. एक्केचाळीस वर्षं मात्र लागली.

धर्म, द्वेष, दहशतवाद यांचं काहीच नाही का?

आहे. बांधाच्या उदाहरणाला मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पहलगाममध्ये पर्यटकांना नाव-धर्म विचारून मारलं, तो हद्दीचा वाद नव्हता, खून होता. नकाशाची कुठलीही गुंतागुंत त्याचं समर्थन करू शकत नाही. काश्मीरचा प्रश्नही निव्वळ रेषेचा नाही. पण धर्म हेच मूळ असतं तर बौद्ध थायलंड आणि बौद्ध कंबोडिया लढले नसते. धर्म आणि अभिमान आग भडकवतात. सरपण आधीच रचलेलं असतं.

आणि ते कधी पेटवायचं हे बऱ्याचदा राजधानीत ठरतं. प्रेआ विहेअर कुणाचं हा वाद १९६२ नंतर बराच काळ मागे पडला होता. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, थायलंडमध्ये सरकारविरोधी आंदोलन चालू होतं, विरोधकांनी ‘देऊळ विकलं’ अशी ओरड केली आणि त्याच वर्षी गोळीबार झाला. २०२५ मध्ये थायलंडच्या पंतप्रधान पेतोंगतार्न आणि कंबोडियाचे जुने नेते हुन सेन यांचा फोन बाहेर फुटला, त्यात त्या स्वतःच्याच सेनाधिकाऱ्याबद्दल वाईट बोलल्या होत्या. महिनाभराने लढाई आणि ऑगस्टअखेर न्यायालयाने त्यांचं पद काढलं. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याने त्या फोनमधलं काही केलं नव्हतं.

नीट मोजून घ्या ना एकदा!

जिभाऊंचा मुलगा हेच म्हणतो, आता उपग्रह आहेत, एका दिवसात होईल. मोजणी होईल, पण कुठली रेषा मोजायची? नकाशातली की डोंगरातली? ते ठरवायला दोघांना एका बाजेवर बसावं लागतं. आणि एक रेषा उघडली की बाकीच्याही उघडतात ही भीती असते. आफ्रिकेतल्या देशांनी म्हणूनच १९६४ मध्ये कैरोला ठरवलं की गोऱ्यांनी आखलेल्या हद्दी, वाकड्या असल्या तरी, आहेत तशा मानायच्या.

आमच्याकडे दगड शेवटी सापडला. निंबाच्या मुळांनी तो पोटात घेतला होता, फक्त एक कोपरा बाहेर. जिभाऊंनीच कुदळीने माती काढली. झाड दोन्ही वावरांत निम्मं-निम्मं निघालं.

थायलंड आणि कंबोडियानेही २००० मध्ये करार करून फ्रेंचांच्या काळातले जुने खांब मिळून शोधायचं ठरवलं. पंचवीस वर्षांतही ते काम पुरं झालं नाही. तिथल्या जंगलात पाऊल टाकणं सोपं नाही, जमिनीत सुरुंग आहेत. २०२५ मध्येही गस्तीवरच्या सैनिकांचे पाय त्यांनी नेले. म्हणून मोजणीवाल्यांच्या पुढे आधी सुरुंग काढणारा माणूस चालतो, गुडघ्यावर, हातभर जागा तपासत, आणि मोजणीवाले त्याच्या मागे नकाशा धरून उभे राहतात.